उष्णतेचे पेव : हरितगृहाखालील भूमीत उष्णतेची साठवण

खोल विहिरीचे पाणी पौषातील पहाटे अंगावर घेतले तर कोमट वाटते आणि वैशाखातील दुपारी तेच पाणी गार लागते. पाण्याचे तापमान ह्या दोन्ही वेळी जवळजवळ सारखेच असते. बदललेली असते ती बाहेरची हवा आणि त्या हवेला सरावलेली त्वचा. जमिनीच्या पृष्ठभागावर ऋतूंची उलथापालथ चालू असता काही हात खाली तिचा मागमूसही राहत नाही, हे विहिरीवर स्नान करणाऱ्या पिढ्यांना ठाऊक होते. हरितगृहाच्या तापमानाचे नियमन जमिनीच्या साहाय्याने करण्याची कल्पना ह्याच अनुभवावर उभी आहे. काचेच्या किंवा पॉलिथिनच्या आच्छादनाखाली दुपारी उष्णता नकोशी होते आणि पहाटे तीच अपुरी पडते. दुपारची शिल्लक उष्णता पंख्याच्या व नळांच्या योगाने पायाखालच्या मातीत उतरवावी आणि रात्री त्याच वाटेने वर आणावी, एवढेच ह्या योजनेचे सार आहे.

कल्पना सरळ असली तरी तिच्याभोवती जमलेली परिभाषा सरळ नाही. इंग्रजी लेखनात अशा हरितगृहांना आणि गरम पाण्याच्या झऱ्यांवर चालणाऱ्या वीजकेंद्रांना एकच विशेषण लावण्याची रूढी पडली आहे. त्याचा ‘भूऔष्णिक’ हा मराठी प्रतिशब्दही तसाच दोन्हीकडे वापरला जाऊ लागला आहे. परिणामी जमिनीच्या पोटात मुळातच ऊब आहे, नळ पुरले की ती आपोआप वर येते, असा समज अभ्यासकाच्या मनात आरंभीच घर करतो. मराठी बोलींनी हा घोटाळा केलेला नाही. कोकणात गरम पाण्याच्या झऱ्याला ‘उन्हाळे’ म्हणतात. राजापूरजवळचे उन्हाळे, पालीजवळचे उन्हेरे, दापोली तालुक्यातील उन्हवरे ह्या ग्रामनामांत ‘उष्ण’ ह्या शब्दापासून आलेले ‘ऊन’ स्पष्ट दिसते. तेथील उष्णता पृथ्वीच्या अंतर्भागातून येते. हरितगृहाखालील उष्णता तशी नसते. तिला साजेसा शब्द शोधायचा तर तो देशावर सापडतो, आणि तो म्हणजे ‘पेव’.

ज्वारी साठवण्यासाठी जमिनीत खणलेले पेव धान्य निर्माण करीत नाही. त्यात जेवढे भरले असेल तेवढेच, किंबहुना त्याहून थोडे कमीच, हाती येते. भिंतीलगतचे धान्य ओलीने खराब होते, मधले टिकते. पेव लहान असेल तर खराब होणाऱ्या कडेचे प्रमाण मोठे ठरते, आणि पेव मोठे असेल तर तेच प्रमाण कमी होते. उष्णतेच्या साठ्यालाही हे तिन्ही नियम लागू पडतात.

उन्हाळे आणि पेव ह्यांतील अंतर आकड्यांत पाहण्यासारखे आहे. खंडांच्या पृष्ठभागातून पृथ्वीच्या अंतर्भागाची जी उष्णता बाहेर पडते ती सरासरीने दर चौरस मीटरला सुमारे ०.०६५ वॉट एवढी असते. शंभर चौरस मीटर क्षेत्राच्या हरितगृहाला ह्या हिशेबाने साडेसहा वॉट मिळतात. घरातील एका लहानशा दिव्यालाही त्याहून अधिक लागतात. खोलीबरोबर तापमान वाढते हे खरे. परंतु ती वाढ दर किलोमीटरला पंचवीस-तीस अंश सेल्सिअसच्या आसपास असते. म्हणजे तीन मीटरांच्या खड्ड्यात ती अंशाच्या दहाव्या भागाइतकीही भरत नाही. हरितगृहाखालच्या मातीत जी ऊब असते ती सर्वस्वी सूर्याची असते.

शब्दांना उष्णता कशी चिकटते ह्याचे एक उदाहरण दक्षिण अमेरिकेत मिळते. बोलिव्हियाच्या उंच पठारावर जमिनीत खोदलेल्या हरितगृहांना ‘वालिपिनी’ म्हणतात आणि जगभरच्या हौशी लेखनात ह्या आयमारा शब्दाचा अर्थ ‘उबदार जागा’ असा दिला जातो. आयमारा भाषेच्या रचनेत ह्या अर्थाला आधार दिसत नाही. ‘वाली’ म्हणजे चांगले, पुष्कळ. आणि ‘-पिनी’ हा निश्चय दाखविणारा प्रत्यय होय. ‘खरोखरच चांगले’ एवढेच त्या शब्दात आहे. त्यातील ऊब भाषांतरकारांनी पदरची घातली आहे.

जमीन उष्णतेचे काय करते ह्याचा गणिती उलगडा फूरिये ह्यांनी १८२२ साली प्रसिद्ध केलेल्या उष्णतेच्या विश्लेषणात्मक सिद्धान्तात केला. पृष्ठभागावरील तापमान ठराविक काळाने चढते व उतरते. हा चढउतार लाटेच्या रूपाने खाली जातो, आणि जाताना त्याच्या दोन गोष्टी होतात. तो क्षीण होत जातो आणि मागे पडत जातो. किती खोलीवर तो किती क्षीण होईल हे मातीच्या गुणधर्मांवर तसेच लाटेच्या आवर्तनकालावर अवलंबून असते, आणि तेही त्या कालाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. मध्यम ओलाव्याच्या मातीत दिवस-रात्रीची लाट सुमारे १३ सेंटीमीटर खोलीवर मूळच्या जेमतेम ३७ टक्के उरते. वर्षाची लाट ३६५ पट संथ असल्यामुळे ३६५ च्या वर्गमुळाइतकी, म्हणजे सुमारे १९ पट, खोल जाते. तिला तेवढेच क्षीण होण्यास सुमारे अडीच मीटर लागतात. अर्ध्या मीटरखाली दिवस आणि रात्र ह्यांतील भेद जवळजवळ नाहीसा होतो. सात-आठ मीटरांखाली उन्हाळा आणि हिवाळा ह्यांचाही.

ह्या सिद्धान्ताची सुंदर पडताळणी एडिंबरो येथे झाली. जेम्स फोर्ब्स ह्यांनी १८३७ मध्ये तेथे तीन ठिकाणी लांब नळ्यांचे तापमापक जमिनीत पुरले. एक जागा वालुकाश्माच्या खाणीतील, दुसरी बागेतील वाळूची, आणि तिसरी कॅल्टन टेकडीवरील, ‘ट्रॅप’ नावाच्या काळ्या अग्निजन्य खडकाची होती. सर्वांत खोल तापमापक २४ फ्रेंच फुटांवर, म्हणजे सुमारे पावणेआठ मीटरांवर होता. ह्या नोंदींचे विवरण पुढे विल्यम टॉमसन ह्यांनी १८६० च्या सुमारास केले. हेच नंतरचे लॉर्ड केल्व्हिन. कॅल्टन टेकडीच्या ट्रॅपमध्ये त्या खोलीवर वर्षातील सर्वांत उष्ण काळ जानेवारीच्या सुमारास येतो. वर बर्फ पडत असताना खाली मागचा उन्हाळा पोचत असतो. (‘ट्रॅप’ हा शब्द स्वीडिश भाषेतील जिन्यावरून आला आहे. सह्याद्रीच्या पायऱ्यापायऱ्यांच्या कड्यांकडे पाहिले की दख्खनच्या खडकालाही तेच नाव का मिळाले हे सांगावे लागत नाही.)

वर्षाची लाट आणि दिवसाची लाट ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, ही ह्या विषयातील कळीची बाब होय. त्यांच्यावर आधारलेल्या रचनाही भिन्न आहेत, आणि प्रचारलेखनात त्या सर्रास एक केल्या जातात. पहिल्या रचनेत नळ खोल पुरतात, बाहेरची हवा एका तोंडाने आत घेतात आणि जमिनीच्या मंद वार्षिक तापमानाचा लाभ घेऊन ती दुसऱ्या तोंडाने सोडतात. येथे जमीन ही आधीच भरलेले पेव असते. ते ऋतूंनी भरले आहे. दुसऱ्या रचनेत नळ हरितगृहाच्याच जमिनीखाली, अर्ध्या ते सव्वा मीटर खोलीत, थरांथरांनी पसरतात आणि आतलीच हवा त्यांतून फिरवतात. येथे पेव रोज भरावे लागते आणि रोज उपसावे लागते. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात, बसॉल्ट नावाच्या गावाजवळ, सुमारे २,२०० मीटर उंचीवर जेरोम ऑसेंटोव्स्की ह्यांनी ह्या दुसऱ्या रचनेच्या हरितगृहात अंजिरे वाढविली. तिला तेथे ‘क्लायमेट बॅटरी’ असे नाव आहे. हे नाव निदान प्रामाणिक आहे, कारण बॅटरी भरावी लागते हे सर्वांस माहीत असते.

पहिल्या रचनेचा भारतातील सुविहित प्रयोग अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील गिरिजा शरण व त्यांचे सहकारी ह्यांनी केला. त्यांनी १० सेंटीमीटर व्यासाचा, ५० मीटर लांबीचा लोखंडी नळ ३ मीटर खोल पुरला. त्या खोलीवर जमिनीचे मूळ तापमान मे महिन्यात २६.६ अंश आणि जानेवारीत २४.२ अंश होते. मे महिन्यातील तप्त हवा ह्या नळातून जाताना सुमारे १४ अंशांनी निवत असे आणि जानेवारीच्या रात्रीची हवा तेवढ्याच अंशांनी तापत असे. पंख्याला लागलेल्या विजेच्या मानाने मिळालेला औष्णिक लाभ थंडाव्याच्या वेळी सुमारे ३.३ पट आणि उबेच्या वेळी ३.८ पट भरला. मे आणि जानेवारी ह्यांतील फरक अवघा २.४ अंशांचा आहे, ह्यात वर सांगितलेली क्षीणता दिसते. परंतु विलंबाचा भाग त्याहून महत्त्वाचा आहे. तीन मीटरांवर वार्षिक लाट सुमारे दहा आठवडे मागे असते. वर मे महिना तापत असतो तेव्हा खालची माती हिवाळ्याच्या प्रभावातून पुरती बाहेर पडलेली नसते. वरचा उन्हाळा तेथे पोचतो तो पावसाळ्यात, जेव्हा त्याचा उपद्रव होण्याचे कारण उरत नाही. पश्चिम भारताच्या ऋतुमानाला हा विलंब विशेष अनुकूल आहे.

ह्यानंतर त्यांनी कच्छमधील कोठारा येथे हरितगृहालाच अशी यंत्रणा जोडली. नळ थेट हरितगृहाखाली, ३ मीटर आणि २ मीटर अशा दोन थरांत पुरले. हवा बंद चक्रात फिरे आणि तासाला वीस वेळा बदले. हिवाळ्याच्या रात्री आतले तापमान ९ अंशांवरून २२-२३ अंशांवर नेण्यास अर्धा तास पुरला. उन्हाळ्याचा निकाल इतका सोपा नव्हता. मार्चच्या आरंभापर्यंत दिवसाचे तापमान सावलीच्या जाळीने आणि खिडक्यांतील नैसर्गिक वायुवीजनाने आवरता आले. त्यानंतर नळांतून हवा फिरविली तेव्हा ते सुमारे ३४ अंशांवर रोखता आले. ऊब देण्यात ही यंत्रणा इतकी तत्पर आणि थंडावा देण्यात इतकी मर्यादित का, ह्या प्रश्नाचे उत्तर उष्णतेच्या जमाखर्चात आहे.

तो जमाखर्च एका काल्पनिक हरितगृहावर मांडता येईल. जमिनीचे क्षेत्र १०० चौरस मीटर, आच्छादनाचे २०० चौरस मीटर धरावे. पॉलिथिनच्या एकेरी आच्छादनातून दर चौरस मीटरमागे, आतील व बाहेरील तापमानातल्या दर अंशाच्या फरकामागे, सुमारे ६ वॉट उष्णता बाहेर जाते. बाहेरच्यापेक्षा आत १० अंश अधिक राखायचे तर १२ किलोवॉट लागतील. बारा तासांच्या रात्रीत हा खर्च सुमारे ५२० मेगॅजूल होतो. आता जमा पाहावी. ओलसर मातीचा एक घनमीटर एका अंशाने तापविण्यास सुमारे २ मेगॅजूल लागतात. हवेच्या घनमीटरला त्याच्या दीड हजाराव्या भागाहूनही कमी पुरतात. हरितगृहाखालील एक मीटर जाडीच्या थरात १०० घनमीटर माती आहे. ती अडीच-तीन अंशांनी निवली की एका रात्रीचा खर्च भागतो. हा आकडा पाहून उत्साह वाटणे साहजिक आहे.

आता हाच हिशेब संपूर्ण हिवाळ्यासाठी करावा. उन्हाळ्यात भरलेल्या पेवावर नव्वद रात्री काढायच्या म्हटल्या तर खर्च सुमारे ४७,००० मेगॅजूल होतो. तीन मीटर खोलीपर्यंतची सगळी माती धरली तरी ती ३०० घनमीटर भरते, आणि ह्या खर्चासाठी तिला ७८ अंशांनी निववावे लागेल. अर्थात हे अशक्य आहे. एका रात्रीची तरतूद सहज होते. एका ऋतूची होत नाही. नेब्रास्कातील अलायन्स येथील एका हरितगृहात आठ फूट खोल पुरलेल्या नळांच्या आधारे संत्री पिकतात, हे उदाहरण वारंवार सांगितले जाते आणि ते खरेही आहे. परंतु त्याचे रहस्य उन्हाळ्यात भरलेल्या साठ्यात शोधणे चूक आहे. तेथील थंडी कडक असली तरी दिवसाचे ऊन मिळते, आणि नळांतील हवेकडून अपेक्षा असते ती गोठणबिंदूच्या वर राहण्याची. वसंत ऋतू निर्माण करण्याची नव्हे.

साठा पुरेसा असणे आणि तो वेळेत काढता येणे ह्यांतही अंतर आहे. धान्याने भरलेल्या पेवाचे तोंड अरुंद असते. बारा तासांच्या ये-जा करण्यात उष्णता नळापासून मातीत १३ सेंटीमीटरांच्या आसपासच शिरते. त्यापलीकडची माती त्या दिवसाच्या व्यवहारात भाग घेत नाही. १० सेंटीमीटर व्यासाच्या नळाभोवती एवढ्या जाडीचे कवच धरले तर नळाच्या दर मीटरमागे जेमतेम ०.१ घनमीटर माती कामी येते. तिच्या तापमानात रोज ५ अंशांचा फेर होऊ दिला तर वरच्या हरितगृहासाठी सुमारे ५०० मीटर नळ लागेल. हा अंदाज ढोबळ आहे. तथापि शंभर चौरस मीटरांखाली दोन-चार नळ पुरून चमत्काराची वाट पाहणाऱ्याला त्यावरून आपली चूक कळू शकते. हवेचेही तसेच आहे. १२ किलोवॉट उष्णता वाहून नेण्यास, हवा १० अंशांनी बदलते असे धरले तर, सेकंदाला एक घनमीटर हवा फिरवावी लागते. पंखा रात्रभर चालतो.

येथपर्यंत हवा कोरडी मानली. हरितगृहातील हवा कोरडी नसते. किंबहुना ह्या सर्व व्यवहारातील सर्वांत रंजक भाग तिच्या ओलाव्यात आहे. पानांच्या बाष्पोत्सर्जनामुळे आत शिरलेल्या सूर्यप्रकाशाचा मोठा हिस्सा तापमान न वाढविता वाफेच्या रूपाने हवेत साठतो. ३० अंश तापमानाच्या आणि ८० टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या हवेत दर घनमीटरला सुमारे २४ ग्रॅम बाष्प असते. ही हवा जमिनीखालील नळात २० अंशांपर्यंत निवली की तिला १७ ग्रॅमांहून थोडेच अधिक पेलवते. उरलेले ७ ग्रॅम नळाच्या भिंतीवर पाण्याच्या रूपाने उतरतात. त्या सात ग्रॅमांबरोबर सुमारे १७ किलोजूल सुप्त उष्णता मातीला मिळते. हवा नुसती दहा अंशांनी निवल्यामुळे मिळणारी उष्णता १२ किलोजूलही भरत नाही. म्हणजे दवाच्या रूपाने पेवात पडणारा माल कोरड्या मालापेक्षा अधिक असतो. नळांना उतार देऊन हे पाणी काढून घेणे, किंवा छिद्रे असलेले नळ घालून ते मातीतच मुरू देणे, हा म्हणूनच रचनेचा गाभा आहे. उतार चुकला की पाणी साचते, वाट अडते आणि बुरशीला घर मिळते. हवेतील ओलावा कमी झाल्याने पहाटे पानांवर दव धरत नाही आणि करड्या बुरशीचा उपद्रव घटतो, हा लाभ तर तापमानाच्या लाभाइतकाच मोलाचा आहे. ज्या गिरिजा शरण ह्यांनी कोठारा येथे हवा जमिनीखाली फिरविली, त्यांनीच त्याच गावी छपरांवर पडणारे दव पिण्याच्या पाण्यासाठी गोळा करण्याचेही प्रयोग केले. एकाच जाणकाराला हे दोन्ही सुचावे ह्यात योगायोगाचा भाग थोडाच असावा.

ऋतूंएवढा मोठा साठा करणे मातीत साधत नाही, ते नेदरलँड्समध्ये पाण्यात साधले आहे. तेथील काचघरांच्या टापूंत वाळूचे विस्तीर्ण जलधर आहेत. दोन विहिरी खणतात, एक थंड आणि एक उबदार. उन्हाळ्यात थंड विहिरीचे पाणी काचघर निववून उबदार विहिरीत सोडतात आणि हिवाळ्यात प्रवाह उलटा करतात. बरोबर उष्णतापंप लागतो, कारण विहिरीत सोडावयाच्या पाण्याचे तापमान सामान्यतः २५ अंशांच्या आत ठेवण्याचा तेथील नियम आहे आणि तेवढ्या कोमट पाण्याने हिवाळ्यातील काचघर पुरते तापत नाही. पेवाचा तिसरा नियम येथे फळतो. साठा इतका मोठा असतो की कडेने होणारी गळती त्याच्या मानाने लहान ठरते. शिवाय काचघराच्या खिडक्या उघडाव्या लागत नसल्याने आत सोडलेला कार्बन डायऑक्साइड आतच राहतो आणि टोमॅटोचे पीक वाढते. बंद काचघरांचा आर्थिक मेळ बराचसा ह्या लाभावर बसतो. दख्खनमध्ये ही रचना जशीच्या तशी उचलता येणार नाही. येथील भूजल वाळूच्या सलग थरात नसते. ते बसॉल्टच्या भेगांत आणि झिजलेल्या मुरमात विखुरलेले असते. अशा पेवाला भिंतीच नसतात.

आता कोठारा येथील उन्हाळ्याचा प्रश्न सुटतो. रात्री हरितगृहाला १२ किलोवॉट पुरतात, हे पाहिले. मे महिन्यातील दुपारी उन्हाचा प्रवाह दर चौरस मीटरला ८०० वॉटांच्या वर जातो. त्यातील सहा दशांश आत शिरला असे धरले तरी शंभर चौरस मीटरांवर सुमारे ५० किलोवॉट जमा होतात. ऊब देण्याच्या कामापेक्षा थंडावा देण्याचे काम असे चौपट आहे. शिवाय दुपारी भरलेले पेव रात्री रिकामे व्हावे लागते, आणि उन्हाळ्यातील रात्रीच उबदार असल्या तर ते होत नाही. दिवसामागून दिवस माती तापत जाते आणि थंडावा देण्याची तिची शक्ती नेमकी निकडीच्या वेळी ओसरते. ह्यास्तव उष्ण प्रदेशात सावलीची जाळी आणि छपराचे झरोके ही पहिली साधने होत. जमिनीतील नळ हे तिसरे. थंड प्रदेशातही रात्री आच्छादनाखाली ओढावयाचा पडदा नळांच्या आधी यावा. खर्च एक तृतीयांशाने कमी करणे हे जमा तेवढी वाढविण्यापेक्षा नेहमीच स्वस्त पडते. ही गोष्ट इतकी उघड असूनही प्रचारपत्रकांत नळांची चित्रे पहिल्या पानावर असतात, आणि पडद्याचा उल्लेख आलाच तर शेवटी येतो.

महाराष्ट्रातील पॉलिहाऊस बहुतांशी नैसर्गिक वायुवीजनाची आहेत. तळेगाव दाभाडे आणि मावळच्या परिसरात ज्यांत गुलाब पिकतो ती ह्याच जातीची. तेथे हिवाळ्यातील पहाटेची थंडी आणि फेब्रुवारीनंतरची दुपार ह्या दोन्हींपैकी पहिलीवर मातीचा दैनिक साठा निश्चितच उपयोगी पडू शकेल. दोन अडचणी मात्र जमिनीच्याच आहेत. देशावर काळ्या मातीखाली मुरूम आणि त्याखाली कातळ लवकर लागतो. तीन मीटर खोल चर खणणे म्हणजे सुरुंग लावणे. आणि काळी माती ओलीने फुगते, सुकली की भेगाळते. तापलेल्या नळाभोवतीची माती आधी सुकते. ती आक्रसून नळापासून सुटली की मध्ये हवेची पोकळी राहते, आणि हवेइतका उष्णतेचा दुर्वाहक क्वचितच सापडेल. येथे पेवाची उपमा उलटी होते. धान्याच्या पेवाला कोरडी जमीन लागते, आणि ते गावठाणात, पांढरीत खणण्याचा प्रघात होता. उष्णतेच्या पेवाला ओल हवी. कोरड्या मातीची उष्णता धारण करण्याची शक्ती ओल्या मातीच्या जवळजवळ निम्मी असते आणि वाहकता तर तिच्या काही अंशांवर येते. नळाभोवती काळ्या मातीऐवजी चाळलेला मुरूम वा वाळू भरणे आणि दवाचे पाणी छिद्रांवाटे तिथेच मुरू देणे, हा त्यावर सुचणारा उपाय आहे.

पृष्ठभागाकडेही लक्ष द्यावे लागेल, कारण खालच्या तापमानाची सरासरी वरून ठरते. पुण्याच्या कृषिहवामान विभागात ल. अ. रामदास ह्यांनी १९३० नंतरच्या दशकात काळ्या जमिनीवर पांढरी भुकटी पसरून पाहिली होती, आणि उन्हाचा मोठा भाग परतविल्यामुळे त्या पट्ट्यातील माती शेजारच्या उघड्या मातीहून लक्षणीय गार राहत असल्याचे दाखविले होते. उघड्या काळ्या रानाच्या कडेला उभारलेल्या पॉलिहाऊसखालची जमीन आणि झाडांच्या सावलीतील जमीन ह्यांची मूळ तापमाने ह्या कारणाने एक असणार नाहीत. नळांची लांबी ठरविण्यापूर्वी निवडलेल्या जागी अर्धा, एक, दोन आणि तीन मीटरांवर तापमापक पुरून वर्षभर नोंदी घेणे श्रेयस्कर. फोर्ब्स ह्यांनी कॅल्टन टेकडीच्या ट्रॅपमध्ये चार तापमापकांनी हेच केले होते, आणि आता त्याला लागणारी उपकरणे एका नळाच्या किमतीपेक्षाही स्वस्त आहेत.